आईच्या हातातली होडी

पहिल्यांदा ‘नावाडी’ सुरू केला तेव्हा मी मनगट हलवायच्या आत होडी धरणाच्या भिंतीवर आपटून बुडाली. पडद्यावर लाल अक्षरांत ‘खेळ संपला’, आणि माझ्या मागे उभी राहून आई पोट धरून हसत होती.

“अगं, पण मध्ये नदी होती ना?”

होती की. अख्खी नदी होती. वळणं, खडक, भोवरे, सगळं. फक्त ते सगळं एका क्षणात होऊन गेलं होतं.

मला जुने गेम दुरुस्त करायचं वेड आहे हे शाळेत आता सगळ्यांना माहीत आहे. आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. नववीत एक जुना पतंगांचा गेम मी नव्या मशीनवर चालवून दाखवला आणि ज्या मुलींना माझं आडनावसुद्धा माहीत नव्हतं त्या डब्यातली भाजी माझ्याकडे सरकवायला लागल्या. तेव्हापासून शलाका फडतरेचं तोंड बंद कसं करायचं हा साताऱ्यातला मोठा प्रश्न आहे, असं आई म्हणते.

‘नावाडी’ मात्र मी आईसाठी घेतला. कऱ्हाडच्या पॉलिटेक्निकमधल्या तीन पोरांनी तो प्रोजेक्ट म्हणून लिहिला होता, आई पाळण्यात असताना कधीतरी. पुढे आईच्या मामांच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या जुनाट मशीनवर तो आला आणि शाळकरी आईनं तिथं सगळ्या पोरांना हरवलं. शेवटच्या धरणापर्यंत होडी नेणारी ती एकटीच. आता ती शाळेची व्हॅन चालवते. गोडोली आणि शाहूपुरीतली मुलं सकाळी शाळेत आणि दुपारी घरी. सगळी तिला कांचनमावशी म्हणतात. बाबा चाकणला कंपनीत असतात, पंधरा दिवसांनी येतात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच, आणि दोघीत मिळून एक नदी.

नदी इतक्या घाईत का संपली, ते सोपं आहे. त्या काळच्या गेमना घड्याळ बघायची सवय नव्हती. मशीनला सांगितलेलं असायचं, मनातल्या मनात अमुक आकड्यापर्यंत मोज आणि मग होडी एक घर पुढे सरकव. जुनं मशीन मोजता मोजता दमायचं, तेवढाच खेळणाऱ्याला वेळ मिळायचा. आताचं मशीन तेच आकडे मोजून मोकळं होतं आणि पुढच्या कामाची वाट बघत बसतं. मी त्या मोजण्याच्या जागी खरं घड्याळ बसवलं. मग पडदा. जुने पडदे जवळजवळ चौकोनी होते, नव्यावर नावाडी लग्नात जेवून आल्यासारखा रुंद दिसायचा. त्याला बारीक केलं. आवाज साफ केला. एवढं सगळं एका आठवड्यात झालं.

खरा घोळ हाताचा होता.

आमच्या घरात कीबोर्ड नाही, तुमच्याही नसेल. सगळे मनगटी लावतात. मेंदू हाताला हुकूम देतो तेव्हा कोपराखालच्या स्नायूंत विजेची अगदी हलकी लहर येते, बोट हलायच्याही आधी. मनगटी ती लहर ऐकते. पण जुना गेम बटणाच्या जमान्यातला. बटण एक तर दाबलेलं किंवा न दाबलेलं, त्याला तिसरं काही कळत नाही. हात थोडा थरथरला तरी बटणाला त्याचा पत्ता नसायचा. मनगटीला सगळं ऐकू येतं. हात कुणाचाच पूर्ण स्थिर नसतो, निरोगी माणसाचाही सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक कापत असतो, आणि ते सगळं ‘नावाडी’ला हुकमासारखं वाटायचं. होडी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, आणि खडकावर.

म्हणून मी गाळणी लिहिली. हे माझं, कुणाचं उचललेलं नाही. गाळणी थोडा वेळ तुमच्या हाताचं नुसतं ऐकत बसते. जे ठरावीक लयीत परत परत येतं ते मनातलं नाही असं ती धरते आणि वजा करते. उरतं ते तुम्हाला खरंच करायचं होतं ते.

आईला मनगटी बांधली, गाळणी लावली आणि म्हटलं, “आता घे.”

तिनं घेतली. पहिलं वळण, दुसरं, भोवरा. तोंडानं “सर बाजूला, सर” असं खडकांना सांगत होती. धरणाच्या आधी बुडाली, पण तिचा चेहरा असा झाला होता की मला तिचा शाळेतला फोटो आठवला.

“काय केलंस गं?” ती हात उलटा-सुलटा करून बघत म्हणाली. “हात अगदी पहिल्यासारखा चालतोय.”

पहिल्यासारखा म्हणजे कशासारखा, हे मी विचारलं नाही. मला वाटलं गाळणीचं कौतुक आहे. मग ती रोज खेळायला लागली. पोरांना सोडून आली की चप्पल दारात, पर्स सोफ्यावर आणि मनगटी हातात. पोहे मी करायचे.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी ‘नावाडी’ दाखवायचं ठरवलं. पण गाळणी दाखवायची तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही दाखवायला हवं. माझ्या हातावर फरक जेमतेम दिसत होता. केतकीच्या हातावर तेवढासुद्धा नाही. केतकी माझी मैत्रीण, प्रदर्शनात माईक आणि प्रोजेक्टर तिच्याकडे.

“मला दोन्ही सारखंच दिसतंय,” ती म्हणाली. “परीक्षक झोपणार शलाके.”

त्या दुपारी मी आईच्या हाताच्या साठवलेल्या लहरी काढून बघितल्या. आई मुलांना आणायला गेली होती. गाळणी न लावता त्या लहरी गेमला दिल्या आणि होडी अशी नाचायला लागली, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तशी. मी नीट बघितलं. सेकंदाला पाचेक लाटा, एकसारख्या, फक्त उजव्या हातात. आणि सगळ्यात भारी म्हणजे हात नुसता मांडीवर ठेवलेला असतानाच त्या जास्त होत्या. इतका स्वच्छ, इतका ठळक नमुना मी कुठंच बघितला नव्हता.

मी टाळी वाजवली. खोलीत मी एकटीच होते, आणि आईच्या हाताच्या त्या लाटा बघून मी टाळी वाजवली.

केतकीला लगेच फोन लावला. “आईचा हात म्हणजे खजिना आहे गं.”

“पण तिचाच का असा?”

“दिवसभर स्टिअरिंग धरून धरून.”

हे उत्तर मी तिथल्या तिथे तयार केलं होतं. बोलून झाल्यावर मलाच ते पटलं.

आईला मी एवढंच सांगितलं की स्टेजवर येऊन खेळायचंय. मध्येच गाळणी बंद करणार आहे हे सांगितलं नाही. आधी सांगितलं तर ती हात घट्ट धरेल आणि फरक दिसणार नाही, असा माझा हिशोब होता. ती मोरपंखी कुर्ता घालून आली. व्हॅनमधली सगळी पोरं पुढच्या रांगेत, त्यांच्या मागे त्यांचे आईबाप. पोरं ओरडत होती, “कांचनमावशी, कांचनमावशी.”

आणि आईनं काय होडी चालवली. मोठ्या पडद्यावर एकेक वळण लीलया. शेवटच्या धरणाचा दरवाजा उघडला तेव्हा अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. तिथं थांबायला हवं होतं.

मी माईक हातात घेतला. “ही झाली गाळणी लावून. आता बघा मूळ हात.”

होडी नाचायला लागली. हॉल हसला. पोरं तर उड्या मारत होती. आईला आधी वाटलं गेम बिघडला. तिनं हात सैल सोडला, होडी आणखी नाचली. तिनं उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्यावर डावा हात दाबून धरला. मनगटी बांधलेलीच होती. पडद्यावर होडी कापतच होती, आणि आता ती चालवत नव्हती हे सगळ्यांना दिसत होतं.

“शलाका,” ती हळूच म्हणाली, “बंद कर.”

“एक मिनिट, आई,” मी माईकवर म्हणाले आणि लोकांकडे वळले. “बघा, हात पूर्ण स्थिर ठेवला तरी इथे सेकंदाला पाच वेळा...”

मी बोलत राहिले. मला सगळं पाठ होतं. पुढच्या हशाला मी थांबले, पण तो आला नाही. मागच्या रांगांमध्ये कुणीतरी कुणाशी कुजबुजत होतं. तेव्हा कुठं मी वळून बघितलं. आई पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती पुढच्या रांगेतल्या पोरांकडे बघत होती.

केतकीनं प्रोजेक्टरची वायर ओढली.

पहिलं बक्षीस मलाच मिळालं.

ते घ्यायला उभी असताना मला दिसलं, व्हॅनमधल्या ओवीची आई, रणदिवे मॅडम, माझ्या आईजवळ जाऊन बसल्या होत्या. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनी आईचा हात आपल्या हातात घेतला होता आणि अगदी हळू विचारत होत्या, “किती दिवस होतंय असं, कांचनताई?”

आम्ही घरी यायला निघालो. व्हॅन तिनं नेहमीसारखीच चालवली. मी तिच्या हातांकडे बघत होते. डावा हात काम करत होता, उजवा नुसता स्टिअरिंगवर ठेवलेला होता. हे केव्हापासून असं होतं? मी रोज शेजारी बसते.

घरात आल्यावर ती म्हणाली, “मला माहीत होतं. गेल्या उन्हाळ्यापासून. आधी फक्त अंगठा हलायचा.”

“डॉक्टरकडे का नाही गेलीस?”

“जाणार होते.” तिनं कुर्त्याची बाही खाली ओढली. “मग तू ते गाळणी का काय आणलंस. संध्याकाळी तुझ्या गेमला बसलं की हात असा चालायचा ना शलू, मला वाटलं बरं होतंय. म्हटलं थकवा असेल, जाईल.”

स्टेजवर जे केलं ते तरी दहा मिनिटांचं होतं. हे त्याच्या आधीचं. मी महिनाभर तिच्या डोळ्यांपुढून तिचाच हात पुसून टाकत होते, आणि पुसलेलं बघून टाळ्या वाजवत होते.

केतकीनं काढलेली प्रदर्शनातली व्हिडिओ-फीत शाळेच्या ग्रुपवर गेली होती. तिथून कुठं कुठं गेली देव जाणे. मी नेटवर ठेवलेला ‘नावाडी’ डाउनलोड करणारे वाढत होते, आणि सगळ्यांना फितीतला तो नाचणाऱ्या होडीचाच भाग आवडत होता. खाली हसणारे चेहरे. मी फीत काढून टाकायला सांगितली, ती आणखी चार ठिकाणी उगवली.

मग निरोप यायला लागले. “कांचनताई, उद्यापासून ओवीला तिचे बाबा सोडतील, गैरसमज नको.” “ताई, आमच्याकडे पाहुणे आहेत, आठवडाभर राहू दे.” सगळे गोड. आई प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवत होती.

“आई,” मी म्हणाले, “व्हॅनलाच गाळणी लावू या.”

तिनं फोन खाली ठेवला.

मी जीव तोडून समजावलं. आपली व्हॅन विजेची आहे. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत दांडा नाही, नुसती वायर आहे. चाक वळवायचा हुकूम विजेनंच जातो, मनगटीतून होडीला जातो तसाच. मध्ये गाळणी बसवली की संपलं. तू चालवशील आणि हाताचा त्रास वजा होईल. कुणालाही कळणार नाही.

“होईल?” आईनं विचारलं. इतक्या आशेनं विचारलं की मी अजून जोरात म्हणाले, “होणारच.”

रविवारी सकाळी आम्ही व्हॅन मोकळ्या मैदानावर नेली. चहाच्या टपरीवाल्याकडून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मागून घेतल्या आणि खुणेला मध्ये ठेवल्या. मी शेजारी गाळणीचं मशीन व्हॅनला जोडून बसले. आईनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, बऱ्याच दिवसांनी दोन्ही हातांनी, आणि व्हॅन सरळ रेषेत गेली. खुर्चीला वळसा, परत सरळ. ती हसली.

“बघ,” मी म्हणाले.

“थांब. आता मी न सांगता वळवणार. समोर कुणी आलं तर वळवेन तशी.”

तिनं वेग थोडा वाढवला, खुर्ची अगदी जवळ येऊ दिली आणि एकदम स्टिअरिंग ओढलं.

व्हॅन वळली. पण जरा उशिरा. फार नाही. गाळणीला प्रत्येक हालचाल आधी ऐकावी लागते, ही लय आहे की इच्छा हे ठरवायला क्षणभर थांबावं लागतं. लाटेवर आलेला झटका तिला आधी लाटच वाटतो. होडीला त्यानं काही फरक पडत नाही. खालून कडकड आवाज आला.

आम्ही खाली उतरलो. खुर्चीचे पाय पुढच्या चाकाखाली होते, पाठ बाजूला मोडून पडली होती. आई तिच्याजवळ उकिडवी बसली.

“ओवी एवढीच आहे गं उंचीला,” ती म्हणाली.

मी म्हणणार होते की हा क्षण कमी करता येईल, दोन आठवडे दे. शब्द तोंडापर्यंत आले होते. आईनं माझ्याकडे बघितलं आणि मी ते गिळले. खुर्चीचे पैसे देताना टपरीवाला म्हणाला, “मावशी, गाडी शिकताय काय?” आणि आई म्हणाली, “हो. नव्यानं.”

पुण्याहून गुरुवारी येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर गोल गोल काढायला लावले. पार्किन्सनची सुरुवात आहे, म्हणाले. औषधांनी पुष्कळ फरक पडेल, वर्षानुवर्षं कामं करता येतील. मुलांची व्हॅन नाही. आणखी उशीर न करता आलात हे बरं झालं, असंही म्हणाले, तेव्हा मी जमिनीवरच्या फरशा बघत होते.

आईनं शकीलमामांना फोन केला. आई व्हॅन लावते त्याच स्टँडवर ते रिक्षा चालवतात, रक्षाबंधनाला येतात. व्हॅन ते चालवतील, आई मागे मुलांबरोबर बसेल, चढवेल-उतरवेल.

“ग्रुपवर टाकू का?” मी विचारलं.

“ग्रुपवर तुझी होडी आहे,” आई म्हणाली. “मी घरोघर जाऊन सांगणार. चल.”

तर आम्ही निघालो. ज्यांनी अजून व्हॅनमधून मुलं काढली नव्हती त्यांच्या घरी आधी. आई दारातच सांगायची, आत बसायच्या आधी. “माझ्या उजव्या हाताला कंप आहे. पार्किन्सन आहे. उद्यापासून गाडी शकीलभाई चालवतील, मी मुलांजवळ असेन. तुम्हाला नको वाटलं तर तसं सांगा, मला राग नाही.”

पहिल्या घरी त्या बाईंनी विचारलं, “कसं कळलं हो?”

आणि आई म्हणाली, “हिनं ओळखलं. हिच्या गेममध्ये दिसलं.”

मी तिच्याकडे बघितलं. ती अगदी सहज बोलली होती. बाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. मी मान खाली घातली, तर त्यांना तो माझा साधेपणा वाटला. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी त्या मुलाच्या बाबांनी मला पेढा दिला. मी तो खाल्ला. काय करणार होते? जिना उतरताना मला वाटलं की आता हेच खरं होणार. सगळ्या गोडोलीत हेच फिरेल, हुशार पोरीनं आईचं दुखणं पकडलं. नाचणाऱ्या होडीची फीतसुद्धा त्यातच बसेल. आई मला हे देत होती, जपून, एकेका दारात थोडं थोडं.

गुजरकाकूंच्या घरी त्यांचे सासरे पेपर वाचत बसले होते. आईनं सांगितलं. काकूंनी तोंडावर हात ठेवला, मग तेच विचारलं, आईनं तेच उत्तर दिलं.

“बाई गं, एवढीशी पोर,” काकू म्हणाल्या. “अगं मग आमच्या अण्णांचाही हात बघ की. कप धरवत नाही हल्ली. तुझं ते यंत्र लाव आणि सांग.”

अण्णांनी पेपर ठेवला आणि खरंच सदऱ्याची बाही वर केली. हात माझ्यापुढे धरला. म्हातारा, डागाळलेला, विश्वासानं पुढे केलेला. सगळे माझ्याकडे बघत होते.

“मी ओळखलं नव्हतं, काकू,” मी म्हणाले.

“शलू,” आई म्हणाली.

“मला लाटा दिसल्या होत्या. मला वाटलं, छान आहेत. लोकांना दाखवायला छान आहेत. म्हणून आईला न सांगता स्टेजवर दाखवल्या. ती बंद कर म्हणाली तरी मी बंद केलं नाही. ओळखलं ते रणदिवे मॅडमनी. आणि त्याच्या आधी महिनाभर तिला माझ्या गेममुळंच वाटत होतं की हात बरा होतोय.” माझा आवाज फाटला होता. “मला यातलं काही कळत नाही. अण्णांना डॉक्टरकडे न्या. गुरुवारी येतात ते.”

काकूंनी आत जाऊन आईसाठी पाणी आणलं. माझ्यासाठी आणलं नाही. अण्णांनी बाही हळूहळू खाली केली, बटण लावायला त्यांना वेळ लागला, आणि मी ते बटण लागेपर्यंत बघत राहिले.

जिन्यात आई थांबली. कठड्याला टेकली.

“चालवून घ्यायचंस एवढं. माझ्यासाठी.”

“नाही चालत.”

“पोरीची जात, शाळा आहे, लोक बोलतील. म्हणून म्हणत होते मी.”

“बोलू दे.”

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं की कशानं, ते मला ओळखता आलं नाही. आईच्या बाबतीत मला बरंच काही ओळखता येत नाही, हे मला आता माहीत आहे.

“ठीक आहे,” ती शेवटी म्हणाली. “दोन घरं राहिलीत. माझं मी सांगेन. तुझं तू सांग. आणि रडत नाही सांगायचं, त्यांना वाटेल मीच मरायला टेकलेय.”

शाहूपुरीतल्या त्या दाराची बेल मीच वाजवली. दार उघडलं ते विहाननं, पहिलीतल्या. “मावशी” म्हणत तो आईच्या उजव्या हाताला लोंबकळला. हात कापत होता, त्याच्याबरोबर विहानही थोडा थोडा हलत होता. आईनं हात सोडवून घेतला नाही. मागून त्याची आई पदराला हात पुसत आली, मला बघून हसली.

“अगं, तूच ना ती? काय सुंदर गेम केलायस...”

“काकू,” मी म्हणाले, “आधी मला बोलायचंय.”